वाऱ्याच्या बाजूची खिडकी

भिंत वाऱ्याला अडवते. खिडकी त्याच्याशी रोज बोलणी करते. म्हणून समुद्राकाठच्या घरात सगळ्यात जास्त विचार खिडकीचा करावा लागतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे, मध्येच त्याहून जोराचा झोत. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं गेली, पत्रे गेले. मग दुरुस्त्या निघाल्या. छपराबरोबर खिडक्याही बदलून घेऊ, असं अनेकांनी ठरवलं. जुनी लाकडी चौकट निघाली, तिथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली. वादळानं जे मोडलं नव्हतं तेही त्या घाईत निघालं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ५५ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे १४ किलोचा भार टाकतो, ११०चा वारा ५७ किलोचा. चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीवर हा भार ८५ किलोच्या घरात जातो. एक धडधाकट माणूस खिडकीला खांदा लावून तासन्‌तास रेटतो आहे, असं समजा. तो दमत नाही आणि मध्ये मध्ये हिसके देतो.

आता प्रश्न काचेचा राहत नाही. चौकट भिंतीला कशानं धरली आहे, हा प्रश्न आहे.

जुन्या घरात चौकट आधी उभी राहायची आणि जांभ्याचे चिरे तिच्या भोवतीनं चढत जायचे. आडव्या लाकडांची टोकं दोन्ही अंगांना भिंतीत घुसलेली असायची. भिंत आणि चौकट एकत्र वाढलेली. नवी खिडकी तयार भोकात बसवतात: ड्रिलनं छिद्र, प्लास्टिकचा गट्टू, स्क्रू, कडेनं सिलिकॉन. काँक्रीटमध्ये हे चालतं. जांभा सच्छिद्र दगड आहे. त्यात आखूड स्क्रू धरत नाही, आणि चिऱ्यांमधली जुनी दर्ज तर त्याहून भुसभुशीत. सिलिकॉन पाणी अडवण्यासाठी असतं, खिडकी धरून ठेवण्यासाठी नसतं.

वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी फुटली की वारा घरात शिरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. त्याच वेळी छपरावरून धावणारा वारा ते बाहेरून वर ओढत असतो. दोन्ही जोर एकाच दिशेनं. छप्पर गेलं म्हणून सगळे वर बघतात. पुष्कळदा सुरुवात खिडकीतून झालेली असते. वादळात खिडक्या सताड उघड्या ठेवा म्हणजे दाब सारखा होईल, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये.

बाहेर उघडणारी झडप मिटलेली असेल तर वारा तिला चौकटीच्या खाचेत आणखी घट्ट बसवतो. आत उघडणारी झडप असेल तर सारा भार आडण्यावर, म्हणजे तिच्यामागे आडव्या घातलेल्या लाकडी दांडक्यावर येतो. म्हणून जुन्या घरांतले आडणे मनगटाएवढे जाड. सरकत्या खिडकीत हे दोन्ही नाही. तिची तावदानं रुळावर उभी असतात, आणि सहज सरकावीत म्हणून त्यांच्याभोवती फट ठेवावीच लागते.

त्या फटीचा हिशेब पाऊस करतो. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे ५७ मिलिमीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. खालच्या रुळाची आतली कड याहून बुटकी असेल, तर पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांतूनच आत ढकललं जातं आणि कड ओलांडून खोलीत उतरतं. मग माणसं म्हणतात, खिडकी गळते. खिडकी गळत नाही. ती शांत पावसासाठी बनवलेली होती.

कोकणातला पाऊस उभा पडत नाही. तो झडीनं येतो. जुन्या माणसांनी तो खिडकीपर्यंत पोचूच दिला नाही. आधी लांब वळचण, मग पडवी, पावसाळ्यात पडवीला विणलेल्या झावळ्यांची झापं, आणि सगळ्यात शेवटी झडप. नव्या घरात वळचण आखडली, पडवी खोलीत घेतली, झापं बंद झाली आणि सगळं ओझं पाच मिलिमीटरच्या काचेवर आलं. काचेनं ते पेलावं अशी अपेक्षा करणं हा काचेवर अन्याय आहे.

गोव्यातल्या पोर्तुगीज काळच्या घरांत खिडकीला शिंपल्यांची तावदानं असत. सपाट, दुधी, उजेड गाळून देणारे शिंपले, लाकडी पट्ट्यांच्या जाळीत एकेक अडकवलेले. एक फुटला तर एकच बदलायचा. मोठी काच सुंदर दिसते, समुद्र अखंड दाखवते. पण तिला उडत आलेलं एक कौल पुरतं. नारळाची झावळी, झाप, कौल, पत्रा हे सगळं वादळात हवेत असतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९९२च्या अँड्र्यू वादळानंतर नियम कडक झाले, आणि तिथे खिडकीची चाचणी घेताना सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगानं तिच्यावर मारतात. काच तडकली तरी चालते. भोक पडलेलं चालत नाही. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच म्हणून घ्यायची. टफन्ड काच जखमा कमी करते, पण फुटली की कणकण होऊन सगळी खाली येते आणि वाऱ्याला दार मोकळं होतं.

ज्याला लॅमिनेटेड काच परवडत नाही त्यानं काचेबाहेर लाकडी झडप ठेवावी. ती स्वस्त आहे, आणि शेकडो वर्षं पारखलेली आहे.

मीठ घाई करत नाही. लोखंडी गज गंजतो, गंजला की फुगतो, फुगला की चौकट चिरतो. ॲल्युमिनियम टिकतं, पण त्याला साधे लोखंडी स्क्रू मारले तर दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना लागून राहतात आणि त्यातला एक झिजत जातो. खिडकी नवीच दिसते, बिजागरी आतून संपलेली असते. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या बिजागऱ्या आणि स्क्रू घ्यावेत; पितळी फक्त लाकडी चौकटीला. काटकसर काचेच्या रंगात करा, हँडलच्या नक्षीत करा, स्क्रूमध्ये नको.

लाकूड कुजतं, हे खरं. पण ते सगळं एकदम कुजत नाही. आधी खालचं आडवं लाकूड जातं, कारण पाणी तिथे थांबतं. मग उभ्या लाकडांची खालची टोकं, कारण कापलेल्या टोकाकडून लाकूड पाणी पितं. वरची निम्मी चौकट पुष्कळदा ठणठणीत असते. जुना साग सावकाश वाढलेला, पक्का. आज वखारीत तसा मिळणं कठीण आणि मिळाला तरी परवडणं कठीण. चांगला सुतार खालचं कुजलेलं कापून नव्या लाकडाचा जोड देतो, पाणी बाहेर ओघळावं म्हणून त्याला उतार देतो, टोकांना काजूच्या टरफलाचं तेल पाजतो. हे काम करणारे हात कमी होत आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. खिडकी बदलायला दोन तास लागतात, सुतार तयार व्हायला वीस वर्षं.

सरसकट जुनं राखा, असं मी म्हणत नाही. वाळवीनं पोखरलेली चौकट घरात ठेवणं धोक्याचं आहे. म्हाताऱ्या हातांना न रेटवणारी झडप बदललीच पाहिजे. यूपीव्हीसीच्या, बाहेर उघडणाऱ्या, दोन-तीन ठिकाणी एकदम कुलूप बसणाऱ्या खिडक्या चांगल्या आहेत. त्या मजबूत बसवल्या तर वाऱ्याला आणि पाण्याला पुरून उरतात. बदलायला हरकत नाही. जुनी खिडकी कोणकोणती कामं करत होती, ते आधी मोजा. तेवढी कामं नवीकडून करून घ्या.

पावसाळ्यात लाकडी झडप फुगते, बसत नाही. म्हणून श्रावणात रंधा मारू नये; उन्हाळ्यात तीच झडप खिळखिळी होईल.

बंद घराची खिडकी सगळ्यात लवकर जाते. मालक मुंबईला, घर गणपतीत आणि मे महिन्यात उघडणार. मधल्या काळात कडीला कुणाचा हात लागत नाही, आतली ओल बाहेर पडत नाही. शेजाऱ्याला किल्ली द्यावी. महिन्यातून एकदा उघडलेली खिडकी कित्येक वर्षं जास्त जगते.

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे येतात. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, निसर्ग जूनच्या आरंभी, आणि तौक्ते मे २०२१ मध्ये कोकण किनारा झोडपत गुजरातकडे गेलं. म्हणजे खिडक्यांच्या कामाला दिवाळीनंतरचे चार-पाच महिनेच मिळतात. मे महिन्यात सुट्टीला गेल्यावर चौकट काढून भोक ताडपत्रीनं झाकणं हा मोठा धोका आहे.

आणि चक्रीवादळ बाजू बदलतं. केंद्र डोक्यावरून गेलं तर आधी एका दिशेनं वारा, मग थोडी उसंत, मग उलट्या दिशेनं. त्या उसंतीत बाहेर पडू नका.

तुमचं कोकणात जुनं घर असेल तर या दिवाळीनंतर एक दिवस काढा. प्रत्येक चौकटीच्या खालच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत सहज रुतला तिथे खूण करा. मग गावातल्या सुताराला बोलवा, त्याला घाई न करता सगळं दाखवा, आणि बदलायचं काय नि राखायचं काय ते त्याच्याबरोबर बसून ठरवा. पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर येतो, म्हणून काम तिथून सुरू करा. पण आडणे आणि कड्या मात्र चारही बाजूंच्या पक्क्या करून घ्या.