काळावर ठेवलेला ठपका

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या जगात गेली कित्येक वर्षे एक वाद चालू असून त्याचा निकाल लागण्याचे चिन्ह दिसत नाही. बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स यांच्यात सर्वश्रेष्ठ कोण, हा तो वाद. त्यात उतरणारे दोन्ही पक्ष आकडे मांडतात, आठवणी सांगतात, आवाज चढवतात, आणि अखेर दमून एका गोष्टीवर तडजोड करतात की, ज्याचा त्याचा काळ निराळा, तेव्हा तुलना व्हावी तरी कशी? हे उत्तर विनयाचे आहे आणि वरकरणी शहाणपणाचेही आहे. परंतु मूळ प्रश्न मानवी श्रेष्ठत्वाच्या प्रमाणाचा, म्हणजे तत्त्वचिंतनाचाच असल्यामुळे, त्याला इतक्या स्वस्तात निकालात काढणे बरे नव्हे.

काळाच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रथम न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. 1891 साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या टोपल्या टांगून जो खेळ सुरू केला, तो पुढे कधीच एका रूपात स्थिर राहिला नाही. नोव्हेंबर 1950 मध्ये फोर्ट वेनच्या संघाने चेंडू आपल्याच हाती दाबून ठेवून मिनियापोलिसच्या बलाढ्य संघाला 19-18 असे हरवले. असले नीरस सामने पाहायला कोण येणार, या चिंतेतून 1954 साली चेंडू बास्केटकडे फेकण्यासाठी चोवीस सेकंदांची मुदत आली आणि खेळाची गतीच पालटली. तीन गुणांची रेषा 1979 साली आली. याहून नवलाची गोष्ट अशी की, काही नियम खुद्द अशा महापुरुषांमुळेच बदलावे लागले. त्याच मिनियापोलिसचा जॉर्ज मायकन बास्केटखाली उभा राहिला की इतरांचा इलाज चालेना, म्हणून चढाई करणाऱ्याला जेथे थोडाच वेळ थांबता येते तो तेथील पट्टा 1951 साली सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आला. चेंबरलेनपुढे तोही अपुरा पडला, तेव्हा 1964 साली तो सोळा फुटांचा झाला. ज्या मापाने मोजायचे ते मापच मोजला जाणारा मनुष्य बदलून जातो, तेथे मोजणाराने काय करावे?

‘जॉर्डन 1962 साली असता तर’, या लाडक्या कल्पनेची गतही अशीच होते. त्या कल्पनेत जॉर्डनच्या पायांतील आधुनिक बूट काढून घ्यावे लागतात, मग त्याचा व्यायाम, त्याचा आहार, त्याला लाभलेले प्रशिक्षक आणि ज्यांचे खेळ पाहून तो घडला ते पूर्वसूरी, असे सर्वच एकामागून एक काढून घ्यावे लागते. आणखी एक पिढी मागे गेले तर त्याला प्रवेशच मिळत नाही, कारण कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी या व्यावसायिक लीगचे दार 1950 साली, अर्ल लॉइड आणि त्याच्या सहप्रवाशांच्या रूपाने, प्रथम उघडले. मिलिंद राजाशी झालेल्या प्रसिद्ध संवादात नागसेन भिक्षूने चाक, आस, जू असे एकेक अंग वेगळे करून रथ म्हणजे नेमके काय ते विचारले होते. काळाची सर्व अंगे काढून घेतल्यावर शिल्लक राहणारा ‘खरा जॉर्डन’ शोधणारालाही त्या राजासारखेच निरुत्तर व्हावे लागेल.

येथवर काळाचा दावा सरस ठरतो, आणि बहुतेक विवेचक येथेच थांबतात. परंतु काळ हीच जर खरी अडचण असेल, तर एकाच काळातल्या दोन खेळाडूंची तुलना सुकर व्हायला हवी. रसेल आणि चेंबरलेन हे समकालीन होते. चेंडू तोच, नियम तेच, मैदान तेच. इतकेच काय, ते परस्परांविरुद्ध शंभराहून अधिक वेळा खेळले. तरीही त्यांच्यात थोर कोण याचा फैसला अर्धशतक उलटून गेल्यावरही झालेला नाही.

1961-62 चा हंगाम घ्या. चेंबरलेनने त्या हंगामात सामन्यामागे सरासरी 50.4 गुण केले. 2 मार्च 1962 रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावी न्यूयॉर्कविरुद्ध त्याने एकट्याने 100 गुण मिळवले. प्रेक्षक जेमतेम चार हजार, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण नाही. सामन्यानंतर कागदाच्या एका कपट्यावर शंभराचा आकडा लिहून तो त्याच्या हाती दिला गेला आणि त्या क्षणाचे छायाचित्र त्या पराक्रमाची सर्वांत परिचित साक्ष ठरले. रसेलची त्या हंगामातील सरासरी 18.9 गुणांची. असे असता, त्या काळी खेळाडूंच्याच मतांनी ठरणारा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताब कोणाला मिळाला? रसेलला. त्या वसंतात रसेलच्या बोस्टनने चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाला बाद फेरीतील मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात अवघ्या दोन गुणांनी हरवले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. ज्यांनी त्या दोघांशी अंगाला अंग भिडवून झुंज दिली होती, किताबाचा तो कौल त्या समव्यावसायिकांचा होता.

त्यांना असे काय दिसले असेल? प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू हवेतच अडवण्यात रसेलचा हातखंडा होता. पण इतर जण असा चेंडू दणक्याने प्रेक्षकांत भिरकावीत आणि टाळ्या घेत, तर रसेल तो तळहाताने हलकेच असा वळवी की तो त्याच्याच सहकाऱ्याच्या हाती पडे आणि बचावातूनच चढाई सुरू होई. पहिल्या प्रकारात चेंडू अखेर प्रतिपक्षालाच परत मिळतो. दुसऱ्यात तो आपला होतो. मौज अशी की, अशा अडवणुकीची अधिकृत नोंद लीगच्या दप्तरात 1973-74 पासून होऊ लागली, आणि रसेल तर 1969 सालीच निवृत्त झाला होता. त्यामुळे ज्या कर्मात तो अद्वितीय होता त्याच्या खात्यावर आकडाच नाही. एखादी वस्तू न दिसणे हे तिच्या अभावाचे प्रमाण होऊ शकते, असे भारतीय दर्शनपरंपरेतील भाट्ट मीमांसकांनी मानले खरे, पण ती तेथे असती तर दिसलीच असती, ही अट त्यांनी घातली होती. केवळ आकड्यांवर विसंबून न्याय करणारांना या अटीचे विस्मरण होते.

तेव्हा तुलनेला आडवा येतो तो काळ नव्हे; आपण कशाला मान द्यायचा याविषयीचा आपलाच अनिर्णय आडवा येतो. चेंबरलेनला मानणारा एका व्यक्तीच्या अमर्याद सामर्थ्याला मानतो. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्या रसेलला मानणारा आपले सामर्थ्य समूहाच्या सिद्धीत विलीन करण्याला मानतो. दहा वेळा सर्वाधिक सरासरीचा मान आणि सहा विजेतेपदे मिळवणारा जॉर्डन हे द्वंद्वच मिटवल्यासारखा वाटतो, म्हणून त्याचे भक्त अधिक. आणि 7 फेब्रुवारी 2023 रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, करीमचा कारकिर्दीतील एकूण 38,387 गुणांचा विक्रम ओलांडणाऱ्या जेम्सच्या ठायी दीर्घकाळ न ढळणारी साधना पूज्य ठरते. हे प्रत्येकाचे इष्टदैवत आहे, आणि इष्टदैवताच्या निवडीत भक्ताचा स्वभाव उघड होतो.

याचा अर्थ ज्याला जे आवडेल ते खरे, असा मात्र नव्हे. सामर्थ्य मोठे की समर्पण, क्षणाचे तेज मोठे की सातत्य, या प्रश्नांवर मनुष्यजात धर्मग्रंथांपासून चावडीपर्यंत वाद घालीत आली आहे आणि त्या वादातून थोडीबहुत शहाणीही झाली आहे. खेळाडूंची तुलना हे त्याच वादाचे एक सुगम प्रकरण होय. त्यात एकच पथ्य पाळले पाहिजे: प्रमाण आधी जाहीर करावे आणि निवाडा मागून. जॉर्डनचा चाहता जेम्सपुढे विजेतेपदे मोजतो, पण रसेलची अकरा पुढे येताच त्या काळी बहुतेक हंगामांत संघ आठ-नऊच होते अशी हरकत काढतो. जेम्सचा चाहता एकूण गुण मोजतो, पण सरासरीचा विषय निघाला की खेळाच्या व्यापकतेकडे वळतो. काळ निराळा असल्याची सबब बहुधा नेमक्या अशाच वेळी आठवते. आपण स्वतः ठरवलेल्या मापाने आपलाच आवडता खेळाडू उणा ठरला आणि तरीही ज्याने ते माप बदलले नाही, तुलना केली असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच.