समूहातील ‘मी’

आधुनिक युरोपच्या कलेत समूहाचा प्रवेश क्रांतीबरोबर झाला. १८३० च्या जुलै क्रांतीवरील देलाक्रवाच्या विख्यात चित्रात कामगार आहेत, उंच टोपीवाला नागरिक आहे, पिस्तुले उगारलेला पोरगा आहे. परंतु या सर्वांना एकत्र बांधणारी, ध्वज उंचावलेली स्त्री त्यांच्यापैकी नाही. ती स्वातंत्र्याचे रूपक आहे. समूहाला त्याचा अर्थ बाहेरून पुरविला गेला आहे. पुढे १८९५ मध्ये गुस्ताव्ह ल बाँ याने समूहात व्यक्तीचा विवेक मावळतो, असा सिद्धांत मांडला. एकाला समूहाचे आकर्षण, दुसऱ्याला त्याचे भय; तथापि समूहाला स्वतःचा ‘मी’ नसतो, हे गृहीतक दोघांतही समान आहे.

लोकशाहीला मात्र हे गृहीतक मानवणारे नाही. लोकांनी एकत्र यावे आणि तरीही प्रत्येकाचे मत स्वतंत्रपणे मोजले जावे, अशी तिची दुहेरी मागणी असते. ही मागणी कलेलाही लागू होते काय, हा येथे प्रश्न आहे.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) माणसांचीच भिंत उभी राहते. ती गाते, डोलते आणि पाठीमागे चाललेले व्यवहार झाकते. घाशीरामचा अंत जमाव करतो, पण त्या कृत्याची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही. समूह हे अपराध लपविण्याचे साधन कसे होते, याचे इतके नेमके दर्शन मराठी रंगभूमीवर क्वचितच घडले असेल. परंतु समूहाची ही एकच शक्यता आहे.

दुसरी शक्यता नागपूरने पाहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः धम्मदीक्षा घेऊन नंतर लाखोंच्या समुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञांचे व्याकरण लक्षणीय आहे. लाखो मुखांतून एकाच वेळी उच्चारल्या जाऊनही त्यांचा कर्ता ‘आम्ही’ नसून ‘मी’ आहे. नेत्यामागून म्हटलेला ‘मी’ हा खरा ‘मी’ कसा, असा आक्षेप येथे घेता येईल. मात्र घोषणा आणि प्रतिज्ञा यांत मूलभूत भेद आहे. घोषणा समुदाय पांगताच संपते. प्रतिज्ञा प्रत्येकाबरोबर घरी जाते आणि ती एकेकट्यानेच पाळावी लागते.

एलियास कानेट्टीने ‘समूह आणि सत्ता’ (१९६०) या ग्रंथात म्हटले आहे की, अपरिचिताच्या स्पर्शाचे भय माणसाला केवळ गर्दीतच सोडून जाते. जेथे स्पर्शाचे भय ही मनोवृत्ती नसून समाजव्यवस्था होती, तेथे या विधानाचा अर्थ पालटतो. विटाळाच्या नावाखाली ज्यांना दूर ठेवले गेले, त्यांना गर्दीत विरघळून जायचे नव्हते. माणूस म्हणून वेगळे ओळखले जायचे होते.

म्हणूनच या परिवर्तनातून पुढे आलेला एक महत्त्वाचा वाङ्मयप्रकार समूहचित्र नसून आत्मकथन आहे, हा केवळ योगायोग मानता येत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) ही त्याची उदाहरणे होत. बेबी कांबळे यांनी तर ‘जिणं आमुचं’ (१९८६) या शीर्षकातच अनेकवचन स्वीकारले. पण ते ‘आमुचं’ एका विशिष्ट स्त्रीच्या आवाजातून उमटते. येथे ‘मी’ समूहाला सोडून जात नाही आणि त्यात बुडूनही जात नाही.

याच नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. प्रशासनाला संख्या आवश्यक असते आणि स्मारकालाही ती पुरते. कलेला ती पुरू नये. ११४ हा आकडा केवळ प्रतीक म्हणून वापरणारी कृती, तिची सहानुभूती कितीही खरी असली तरी, त्या माणसांना पुन्हा एकदा गर्दीतच लोटते. समूहाचे चित्रण करणाऱ्या कलेची लोकशाहीनिष्ठा तिने किती माणसे दाखविली यावरून ठरत नाही. त्यांतील कोणालाही ‘मी’ म्हणण्याइतकी जागा तिने ठेवली आहे काय, यावरून ती ठरते.