अमृताची पंगत

देवांना अमृत वाढले गेले ते नेवाशात, अशी आमच्या जिल्ह्यात समजूत आहे. समुद्र कुठला, मंदार पर्वत कुठला, आणि किनाऱ्यापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पाठीशी पडलेल्या या कोरड्या पठारावर ही पंगत बसली कशी, असले प्रश्न इथल्या माणसाला पडत नाहीत. पुरावा मागितलाच तर तो लगेच देतो. वाढणाऱ्या मोहिनीचे देऊळ गावात उभे आहे. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडाले ते राहुरीला पडले, काया पडली ती कायगावला. शिवाय ज्या प्रवरेच्या काठी हे सारे घडले तिला लोक अमृतवाहिनी म्हणतात. नावांवरून कथा झाली की कथेवरून नावे पडली, हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी घालावा. मला या कथेत वेगळीच गोष्ट टोचते.

समुद्र दोघांनी मिळून घुसळला होता. वासुकीच्या तोंडाकडची बाजू असुरांकडे होती. त्या सर्पाच्या मुखातून निघणारा धूर आणि दाह त्यांनी सोसला. नुसता श्रमांचा हिशेब मांडला तर त्यांचे पारडे देवांपेक्षा हलके भरणार नाही. असे असून कलश हाती आल्यावर दोन पंगती बसविल्या गेल्या, आणि एकीला अमृत व दुसरीला नुसते कटाक्ष वाढले गेले. आपल्या बोलीत याला पंक्तिप्रपंच म्हणतात. लग्नकार्यात कुणी तो केला तर त्या घराचे नाव तीन पिढ्या निघते. इथे मात्र त्याचे देऊळ झाले आहे.

यावर शास्त्री मंडळींचे उत्तर ठरलेले आहे: असुरांच्या हाती अमृत पडते तर जगाचा अनर्थ झाला असता, वाटा श्रमावर ठरत नाही, घेणारा त्याचे काय करील यावर ठरतो. हे उत्तर थिल्लर नव्हे. दारुड्याच्या हाती कुणी पगार देत नाही, त्याच्या बायकोच्या हाती देतात, आणि ते बरोबरच आहे. पण कोण सदुपयोग करील आणि कोण दुरुपयोग, याचा निवाडा करणारा स्वतः त्याच पंगतीत पान मांडून बसलेला असतो, ही त्यातली मेख आहे. वाढपी आपला असला की पंगतीत कुठेही बसावे, असे आपले शहाणे लोक सांगतात. न्यायाची गोष्ट निघाली म्हणजे हे शहाणपण मला भेडसावू लागते.

मोहिनीराजाचे आजचे देऊळ अठराव्या शतकात चंद्रचूडांनी बांधलेले. दगडी काम नाजूक आणि देखणे. देवाचे नाव स्त्रीचे व पुरुषाचे एकत्र झालेले. माघात त्याची यात्रा भरते, पालखी निघते, आणि त्या गर्दीत असुरांची बाजू घेणारा कुणी भेटत नाही. भेटावा अशी माझी अपेक्षाही नाही. सण हा चौकशी करण्याचा दिवस नव्हे.

चौकशी करणारे आले ते १९५४ साली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी आले आणि लाडमोड नावाचे टेकाड त्यांनी थराथराने उकलले. १९६० साली त्यांचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. प्रवरेच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली. तेव्हा या घाटावर वावरणाऱ्या माणसांची गणना हजारो वर्षांत करावी लागते. त्यानंतर ताम्रपाषाणयुगातले शेतकरी, इसवी सनापूर्वी सुमारे पंधराशे ते हजार या काळातले. लाल मडक्यांवर काळ्या रंगाने नक्षी काढणारे. मग मोठा खंड. मग सातवाहनकाळ, आणि त्यात रोमन साम्राज्यातून मद्य भरून आलेल्या कुंभांची खापरे. म्हणजे पश्चिम समुद्रापलीकडची दारू घाट चढून इथवर येत होती आणि तिला गिऱ्हाईक होते. मग पुन्हा हजारेक वर्षांची पोकळी. मग मुसलमानी आणि मराठी अंमलाचे थर.

गावातले अभिमानी लोक यावरून म्हणतात, आमचे गाव साडेतीन हजार वर्षांचे. गाव असेल, ‘आमचे’ कसे? मधल्या दोन खंडांत टेकाड ओस होते. मडकी रंगविणाऱ्या त्या शेतकऱ्यांची भाषा कोणती, देव कोणते, ते कुठे गेले, यांतले काहीच आपल्या हाती नाही. ज्या तेराव्या शतकामुळे नेवाशाचे नाव महाराष्ट्राच्या जिभेवर आहे, ते शतकही या टेकाडाच्या पोटात नाही. पूर्वजांची साखळी म्हणून आपण जी दाखवितो तिच्या दोन कड्या मुळातच नाहीत. रक्ताच्या नात्याने या मातीवर हक्क सांगू पाहणाऱ्याला लाडमोडच्या टेकाडासारखा वाईट साक्षीदार मिळायचा नाही.

आणि तरीही त्या अहवालातले एक प्रकरण वाचताना नाते नाही असे म्हणवत नाही. त्या शेतकऱ्यांची मुले मेली म्हणजे ती त्यांना गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी घेत, त्यांत ते पोर ठेवीत, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवीत आणि घराच्या जमिनीखाली पुरीत. नेवाशात अशी शंभरावर दफने निघाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्यातला धागा तांब्याच्या संगतीने टिकून राहिला, आणि तो तपासणाऱ्यांना त्यात कापसाबरोबर रेशमाचा अंश आढळला. घरात रोज जिथे वावर तिथेच खाली ते मूल. चूल पेटविताना, दळताना, दुसऱ्या पोराला झोपविताना आई त्याच्या अंगावरून जात असली पाहिजे. आपणही दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाही, पुरतो; कारण विचारले तर शास्त्राकडे बोट दाखवितो. मला वाटते, शास्त्राच्या आधी ती आई होती.

मग ती मडकी उकरली हे योग्य झाले का? अभ्यासकांवर रोष धरावा असे मला वाटत नाही. त्यांनी खणले नसते तर नांगराने किंवा नव्या घराच्या पायाने ते केलेच असते, आणि मग माळेतला धागा कुणी पाहिला नसता. पण ज्ञानासाठी सारे क्षम्य, हेही मला पटत नाही. त्या आईची परवानगी कुणी घेतलेली नाही. ती घेण्याचा मार्ग नाही, एवढ्याने ती लागत नव्हती असे ठरत नाही. तिचे देणे राहिलेच आहे. आणि तिचे वंशज सापडत नसल्यामुळे ते कुणाला फेडायचे हा प्रश्न उरतो. वारस नाही म्हणून देणे बुडाले असे सावकार म्हणतो. माणसाला तसे म्हणता येत नाही.

आता या घरांच्या शेजारी दुसरे एक घर ठेवून पाहावे. पैठणच्या धर्मपीठापुढे शुद्धिपत्र मागायला गेलेली चार भावंडे परतताना नेवाशात आली, असे परंपरा सांगते. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना गावकीने वाळीत टाकले होते. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी पोरांचा दोष गेला नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या, लिहिता न येणाऱ्या माणसांनी मेलेली मुले घराखाली जपली, आणि वेद मुखोद्गत असणाऱ्यांनी जिवंत मुले घराबाहेर ठेवली. प्रगती हा शब्द मी अलीकडे जपून वापरतो त्याचे एक कारण हे आहे.

त्यांतल्या दुसऱ्या भावाने नेवाशात करवीरेश्वराच्या देवळातल्या खांबाला टेकून गीतेवर मराठीत निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. देऊळ गेले, खांब राहिला. त्यावरचा शिलालेख देवाच्या अखंड दिव्याला लागणाऱ्या तेलाच्या दानाचा आहे, असे तो वाचणारे सांगतात. दुर्गाबाई भागवतांनी या खांबाला ‘पैस’ या नावाने आपल्या साहित्यात कायमची जागा करून दिली. मला त्याच्याजवळ उभे राहिले की एवढेच सुचते: मोहिनीने दोन पंगती मांडल्या त्याच गावात, पंगतीतून उठविलेल्या एका मुलाने, राखून ठेवलेले अमृत कुणाच्याही पानात पडेल अशा भाषेत वाढले. शेवटी त्याने जे मागणे मागितले त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांची वाकडी बुद्धी तेवढी जावो, असे म्हटले आहे. असुरांना अमृत का दिले नाही, या प्रश्नाला नेवाशात दिले गेलेले हे दुसरे उत्तर होय. नेवासे हे त्याचे गाव नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. तो आला आणि काही काळ राहिला, एवढेच.

इथवर लिहायला मला काही पडले नाही. मेलेल्यांना आणि संतांना पंगतीत घ्यायला कुणाचे पान कमी होत नाही. अडचण जिवंतांची आहे, आणि ती पाण्याची आहे.

प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगवते. भंडारदऱ्याचे धरण इंग्रजांनी १९२६ साली पुरे केले, त्याच्या कालव्यांवर ऊस आला, आणि १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. आमच्या भागाची दोन वेळची भाकरी, मुलांची शिक्षणे, सिमेंटची घरे, सारे या पाण्यातून आले. (ज्यांच्या डोंगरात ती उगवते त्या अकोल्याच्या आदिवासी पाड्यांत पावसाळा धो धो आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग, हे जाता जाता नोंदवितो, त्यांच्यासाठी वेगळा लेख हवा.) खाली टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते, आणि तिथून पैठणपर्यंत १९७६ पासून जायकवाडीचा जलाशय पसरला आहे. त्याच्या फुगवट्याखाली नेवासे, शेवगाव, गंगापूर, पैठण या तालुक्यांतली गावे गेली. थर चढायला हजार वर्षे लागतात असे नाही; एका पावसाळ्यातही गाव पायाखाली जाते.

तो जलाशय भरत नाही तेव्हा मराठवाडा तहानेने तळमळतो. २००५ साली पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा झाला. २०१४ साली प्राधिकरणाने ठरवून दिले की, ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांच्या आत असेल तर नगर-नाशिककडच्या धरणांनी पाणी सोडावे. २०१५, २०१८, २०२३ या वर्षी ते सोडावे लागले, आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे मोर्चे, रास्ता रोको, न्यायालये झाली. त्या सभांतली भाषणे मी ऐकली आहेत. खाली सोडलेले पाणी नदीच्या वाळूत जिरते. जलाशय उथळ, निम्मे उन्हात उडून जाते. तेही तिकडे ऊसच लावतात. आमचे धरण आधीचे, आमचा हक्क आधीचा. यांतले काही मुद्दे अगदी खरे आहेत. बाष्पीभवन मोठे आहे, आणि उसाची हाव नदीचा काठ बघून थांबत नाही. पण ऐकता ऐकता माझ्या ध्यानात येते की हे सारे मी पूर्वी कुठेतरी ऐकले आहे. त्यांच्या हाती पडले तर वाया जाईल. सदुपयोग आम्हीच करू. निवाडा देणारे तेच, पानावर बसलेले तेच. आणि माझे स्वतःचे शेत मुळेच्या कालव्यावर असल्यामुळे मीही त्या पानांवरच बसलेला असतो. पाणी सुटते त्या वर्षी माझ्या उसाची एक पाळी जाते. ती गेल्यावर मला आनंद होतो, असे म्हणण्याइतका मी थोर नाही. पण ती माझ्याकडून चोरली गेली, असेही मला म्हणता येत नाही.

एक गंमत सरकारी दप्तरात कुणाच्या लक्षात आली नसावी. मुळा धरणाच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर असे नाव आहे, आणि जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर. दरवर्षी ऑक्टोबरात भांडतात ते हे दोघे. ज्या पैठणने पत्र मागायला आलेल्या त्या मुलांचा निवाडा केला, त्याच पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत हातोहात बिघडलेला पाठ त्यांनी निवडून, पाखडून पुन्हा लोकांपुढे ठेवला. श्राद्धाचे अन्न ब्राह्मणांच्या आधी अंत्यजांना वाढणारे तेच नाथ. वर ज्ञानेश्वर आणि खाली एकनाथ, आणि मधे आम्ही दारे बंद करून पहारा देत उभे.

आषाढ वद्य एकादशीला, कामिका एकादशी म्हणतात तिला, नेवाशात खांबाच्या दर्शनाला लाखांनी माणसे येतात. पंढरीची वारी नुकतीच संपलेली असते, पाय अजून दुखत असतात, तरी येतात. नदीपलीकडून, गंगापूर-पैठणकडूनही दिंड्या येतात. गेल्या खेपेला उपासाच्या पंगतीत माझ्या शेजारी पैठणकडचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कपाळाला बुक्का, मांडीवर टाळ. भगर वाढून झाली, शेंगदाण्याच्या आमटीची बादली अजून दूर होती.

“कोण गाव?” त्यांनी विचारले.

मी गाव सांगितले.

“म्हणजे मुळेवर. किती भरलंय धरण?”

“निम्म्याच्या वर,” मी म्हणालो.

“आमचं अजून तळाला आहे,” ते म्हणाले, आणि वाढपी जवळ आलेला पाहून आपली पत्रावळ त्यांनी थोडी माझ्याकडे सरकविली, म्हणजे एकाच पळीत दोघांचे काम व्हावे.