तुम्ही व्हा पुढे

आमच्या बैठकीच्या खोलीत, बँकेचं कॅलेंडर आणि बंद पडलेलं घड्याळ यांच्या मधोमध, एक फोटो टांगलेला आहे. फोटोत तीन तरुण उभे आहेत. (फोटो १९८३ सालचा आहे, म्हणून तरुण म्हणायचं. आज त्यांतल्या एकाचे गुडघे बदललेत आणि दुसऱ्याला जिना चढताना मधे एकदा राजकारणावर बोलायला थांबावं लागतं.) तिघंही ओलेचिंब आहेत. मागे जे करडं करडं दिसतं तो समुद्र. खरं तर तिथे विवेकानंद शिलास्मारक दिसायला हवं होतं, पण पावसानं ते पुसून टाकलंय. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा फोटोजवळ जातो, चष्मा वर करतो आणि विचारतो, "अलिबाग का?"

अलिबाग नाही. कन्याकुमारी. पुण्याहून मोटारसायकलवर, सुमारे दीड हजार किलोमीटर. पण पाहुण्यांचं सोडा. अडचणीचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो म्हणजे आम्ही चौघं निघालो होतो.

हे सगळं आठवायचं कारण आमचा नातू. तो अकरा मित्रांबरोबर मनालीहून लेहला निघालाय. त्यांच्या मागे म्हणे एक गाडी असते, तीत मेकॅनिक, सुटे भाग आणि प्राणवायूचं नळकांडं. शिवाय एक नियम. सगळ्यात शेवटी एक मुरलेला स्वार ठेवायचा आणि त्याच्या मागे कोणीही उरता कामा नये. हे तो मला टोमॅटो चिरण्याची पद्धत सांगावी इतक्या सहज सांगत होता. मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्यात हा नियम नव्हता. आमच्यात नियम एकच होता, रजा दहा दिवसांची.

अण्णाकडे बुलेट होती. ती सुरू करणं ही पूजाच असायची. आधी ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग बारका खटका दाबायचा, मग किक. विधीत चूक झाली तर किक उलटी येऊन नडगीला प्रसाद मिळायचा. माझी येझदी. तिच्यात किक आणि गिअर यांना एकच दांडी. सकाळी स्वयंपाक करून नोकरीला जाणाऱ्या सुनेसारखी ती दोन्ही कामं बिनबोभाट करी. बाळ्याची राजदूत. आणि नानाची मोटारसायकल. ती कोणत्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण कंपनीचा काहीही दोष नव्हता. तिचे इतके भाग बदलले गेले होते की कंपनीनं तिला ओळख दाखवली नसती.

बेत माझा होता. कार्तिकी पौर्णिमेला कन्याकुमारीत पोचायचं. एका बाजूला सूर्य समुद्रात बुडतोय, दुसऱ्या बाजूला चंद्र समुद्रातून वर येतोय, असं दृश्य एकाच जागी उभं राहून बघायचं. दिवाळीनंतर पाऊस संपतो हे आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं. तमिळनाडूत खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरातच पडतो, हे शाळेच्या भूगोलात होतं. पण त्या धड्याला मार्क दोन होते.

पहिल्या दिवशी बेळगाव. अण्णाच्या मावशीनं जेवायला घातलं आणि वर बरोबर कुंदा दिला. दुसऱ्या दिवशी धारवाड, हुबळी, हावेरी मागे टाकलं. हरिहरला तुंगभद्रेच्या पुलावर उभं राहून नानानं गाणंही म्हटलं. तिथून चार-पाच किलोमीटरवर नानाची गाडी गेली.

'गेली' म्हणजे काय ते सांगायला हवं. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असतं. तेच पिस्टनचं वंगण. ऑइल कमी पडलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये रुतून बसतो. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. नानानं वेळेवर क्लच दाबला म्हणून तो बाभळीखाली उभा राहिला, बाभळीवर गेला नाही. नाना ऑइल मापानं घालत नसे, आई आमटीत मीठ घालते तसं अंदाजानं घाली. आईचा अंदाज चुकत नाही. नानाचा चुकला.

एका टेम्पोत घालून गाडी दावणगेरेला नेली. मेकॅनिकनं सिलिंडर उघडून आम्हाला आतले ओरखडे दाखवले. बोअर करून नवा पिस्टन बसवावा लागेल, म्हणाला. कधी होईल? "नाळे." नाळे म्हणजे उद्या, हे आम्हाला रात्री लॉजच्या मॅनेजरनं सांगितलं. त्या मेकॅनिकच्या तोंडी त्याचा अर्थ परवा होतो, हेही त्यानंच सांगितलं.

आणि मग ती बैठक झाली. लॉजची खोली, चाळीस वॅटचा बल्ब, एका खाटेवर चौघं. पौर्णिमा तीन दिवसांवर. कोणीच काही बोलेना. मग नाना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे."

वाचकहो, आता जरा आपल्याकडचा शिष्टाचार आठवा. आपल्या घरी पाहुणा आला आणि "चहा नको" म्हणाला, तर त्याला आजवर चहा मिळाला नाही असं झालंय का? (पुण्यात क्वचित झालं असेल.) "आम्ही जेवूनच आलोय" म्हणणाऱ्याला आपण दंड धरून पाटावर बसवतो. नको म्हणणं ही त्याची पाळी, आग्रह ही आपली पाळी. दोन्ही बाजूंना हे पाठ असतं. नाना आपली पाळी खेळला होता. आता आमची होती. अण्णा म्हणाला, "नक्की ना?" नाना म्हणाला, "अरे, खरंच." आणि आम्ही तिघांनी, आयुष्यात पहिल्यांदा, एका माणसाच्या 'नको'वर विश्वास ठेवला.

बाळ्यानं त्याला हिशेबही जोडला. तो अकाउंट्समध्ये होता. "चौघं थांबलो म्हणून पिस्टन लवकर बसणार आहे का? नाही. म्हणजे एकाचं नुकसान होतंय ते चौघांचं होईल, फायदा शून्य." हा हिशेब मी गेली चाळीस वर्षं तपासतोय. त्यात चूक सापडत नाही. पण मग ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर जी आठ-आठ माणसं बसलेली असतात, त्यांचं काय? त्यांच्यामुळे आत एकही टाका लवकर पडत नाही. उलट डॉक्टरांना बाहेर येताना त्यांचे डबे ओलांडावे लागतात. बाळ्याच्या हिशेबानं त्या सगळ्यांनी सिनेमाला जायला हवं. कोणी जात नाही. आपल्या बसण्याचा उपयोग नाही हे त्यांनाही कळतं, आणि तरी रात्रभर तिथेच बसतात. बाळ्या स्वतः सासऱ्यांच्या वेळी तीन रात्री बसला होता. तेव्हा त्याला मी हिशेब विचारला नाही.

सकाळी निघालो. निघताना नानानं आपल्या सामानातला चकल्यांचा डबा माझ्या येझदीला बांधला. "मला इथं हॉटेलं आहेत. तुम्हाला वाटेत लागतील."

चित्रदुर्गाच्या चहाला आम्ही नानाचं नाव काढलं नाही. तुमकूरच्या चहाला काढलं. अण्णा म्हणाला, ऑइलचा हलगर्जीपणा. बंगळूरच्या अलीकडे बाळ्या म्हणाला, शिवाय चढावर रेस फार देतो. होसूरला मी म्हणालो की मुळात ती गाडी एवढ्या लांब आणायलाच नको होती. कृष्णगिरीला मुक्काम केला, तोवर नानाच्या गाडीला जे झालं ते नानाच्या कर्माचंच फळ होतं, हे तिघांच्याही मनात पक्कं झालं होतं. मग आम्ही त्याचा डबा उघडला. चकल्या उत्कृष्ट झाल्या होत्या.

महाभारतात शेवटी पांडव हिमालयात चालत जातात, ती गोष्ट लहानपणी आजीनं सांगितली तेव्हा मला धर्मराजाचा राग आला होता. एकेक जण वाटेत पडतो. भीम विचारतो, दादा, ही का पडली, हा का पडला? धर्मराजाकडे प्रत्येकाचं कारण तयार. द्रौपदीचं अर्जुनावर जास्त प्रेम. सहदेवाला शहाणपणाचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला पराक्रमाचा. शेवटी भीमच पडतो आणि पडता पडता स्वतःचं कारण विचारतो. तू खादाड होतास आणि बळाची बढाई मारायचास, असं उत्तर मिळतं. धर्मराज मागे वळून बघत नाही. मला वाटायचं, केवढा हा कोरडा माणूस! कृष्णगिरीच्या त्या खोलीत चकली खाताना मला त्याची अडचण कळली. मागे न बघता पुढे जायचं तर पडलेल्याचा काहीतरी दोष हाताशी असावाच लागतो. नसला तर पाऊल उचलत नाही.

अर्थात धर्मराजाला दोष देताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. स्वर्गाच्या दारात तो अडून बसला. सोबत आलेल्या कुत्र्याला आत घेत नसाल तर मलाही यायचं नाही, म्हणाला. आमच्याही मागे गावोगाव कुत्री लागत होती, पण ती वेशीपर्यंतच.

पुढचा प्रवास चांगला झाला, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं नाही. पौर्णिमेच्या दुपारी आरळवायमोळीच्या खिंडीत वारा असा आला की बुलेटसुद्धा तिरकी चालायला लागली, आणि वाऱ्यामागून पाऊस आला. संध्याकाळी आम्ही कन्याकुमारीच्या टोकावर उभे होतो. सूर्य कुठल्या बाजूला बुडाला ते घड्याळावरून कळलं. चंद्र उगवला असावा. दुसऱ्या दिवशी आभाळ उघडेल म्हणून आम्ही एक दिवस जास्त राहिलो. आभाळ उघडलं नाही. समुद्र खवळला होता म्हणून स्मारकाकडे जाणारी लाँचही बंद होती. शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या एका पोराच्या हातात कॅमेरा देऊन आम्ही तो फोटो काढून घेतला.

तिथे राहिलो त्या एका दिवसाचा हिशेब मात्र बाळ्यानं केला नाही. दावणगेरेला नानाला आम्ही सांगितलं होतं की अमुक दिवशी संध्याकाळी इथे परत येतो. आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मेकॅनिकनं आम्हाला ओळखलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, गाडी वायद्याप्रमाणे परवा म्हणजे परवा झाली होती, पण तुमचा माणूस गेला नाही. तीन दिवस इथेच होता. काल दिवसभर त्या पानपट्टीपाशी उभा होता, बंगळूरकडून येणारी प्रत्येक गाडी बघत. आज सकाळी गेला. नवा पिस्टन, चाळिसाच्या वर पळवायची नाही. रजा संपत होती.

म्हणजे दहा-बारा तासांनी चुकामूक झाली. मोबाइल असता तर झाली नसती, हे खरं. पण मोबाइल असता तर आम्ही नानाला काय सांगितलं असतं, हाही प्रश्नच आहे.

पुण्यात परतल्यावर मी फोटोची एक प्रत नानाला दिली. त्यानं ती उजेडात धरून पाहिली. "छान आलाय. जरा हललाय." बस्स. मी वाट बघत होतो की आता हा शिव्या देईल. दिल्या नाहीत. मित्रानं शिव्या न देण्यासारखी शिक्षा नाही.

पुढे १९८५ साली नानाचं लग्न झालं. त्यानंतर कधीतरी बाळ्याच्या मुलाच्या मुंजीत, पंगतीत, कोणीतरी नानाला जिलबीचं ताट उचलायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना नका हो सांगू जड उचलायला. कन्याकुमारीला मोटारसायकलवर जाऊन आले ना, तेव्हापासून पाठ धरलीय त्यांची." मी पानातल्या मिठाकडे पाहिलं. अण्णानं मठ्ठ्याकडे पाहिलं. बाळ्या यजमान असल्यामुळे उठून निघून गेला. वहिनी पुढे म्हणाल्या, "फोटोत तेवढे नाहीत. ह्यांनीच काढला ना तो!" नाना शांतपणे भात कालवत होता.

तेव्हापासून मी या गोष्टीवर विचार करतोय. हे खोटं कोणाचं? नाना खरं बोलला तर तो फक्त दुर्दैवी ठरतो, आणि आम्ही तिघं कोण ठरतो ते सांगायला नको. तो खोटं बोलला म्हणून चौघंही बहाद्दर. मग त्यानं आम्हाला माफ केलं म्हणायचं? की दंड केला? कारण दर वेळी तो ते सांगतो, आणि दर वेळी आम्हाला मान डोलवावी लागते. की हे दोन्ही नाही, आणि बिचाऱ्याला फक्त बायकोपुढे कन्याकुमारी हवी होती? काहीही असलं तरी ते खोडून काढण्याचा अधिकार आमच्या तिघांत कोणालाच नाही. चाळीस वर्षांपूर्वी तो आम्ही गहाण टाकला.

एकदा पर्वतीच्या पायऱ्या उतरताना धीर करून मी विषय काढला. "नाना, दावणगेरेला आम्ही थांबायला हवं होतं."

"थांबून करणार काय होतात?" नाना म्हणाला. "खाट एकच होती." आणि मग तिथल्या लोणी डोशाबद्दल सांगायला लागला. पहिल्या दिवशी तीन खाल्ले, दुसऱ्या दिवशी पाच. वर लोण्याचा गोळा, तो वितळायच्या आत खायचा. मेकॅनिकच्या घरी जेवायला नेलं, त्याच्या आईनं मुलाचं स्थळ विचारावं तशी चौकशी केली. ऐकताना मला बरं वाटायला लागलं. याची मजाच झाली की! आणि अर्ध्या जिन्यावर ध्यानात आलं की हे बरं वाटणं फुकटचं आहे. त्याला डोसा चांगला मिळाला यात आमचं कर्तृत्व काय? तो तिथे तापानं फणफणला असता तरीही आम्ही होसूरला चहाच पीत असतो.

गेल्या रविवारी नाना घरी आला होता. नातू त्याला लेहचा नकाशा दाखवत होता. दाखवता दाखवता त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. "नाना आजोबा, तुम्ही चौघं गेला होतात ना? मग यात तुम्ही कुठे आहात?"

या वेळी सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मग फोटो कोण काढणार?" नाना म्हणाला.

नातवाचं समाधान झालं. नानानं पुढ्यातली बशी माझ्याकडे सरकवली.

"घे," तो म्हणाला, "चकल्या बऱ्या झाल्यात यंदा."