हा केसपेपर की रबरी शिक्का?

सकाळच्या ओपीडीतले तुझे केसपेपर वाचले. नावं वेगळी, वयं वेगळी, उपचार मात्र एकच: स्केलिंग, क्लोरहेक्सिडिनची बाटली, पंधरा दिवसांनी दाखवा. डोकं घरी ठेवून आला होतास का?

प्रत्येक दाताभोवती सहा जागा मोजायच्या, हे तुला तोंडपाठ आहे. परीक्षेत त्यावर मार्कही घेतलेस. मग त्या बाईंच्या खालच्या दाढेला गालाकडून एकदा प्रोब लावून 3 मिलिमीटर लिहून मोकळा कसा झालास? मी जिभेच्या बाजूने, मागच्या कोपऱ्यात प्रोब सरकवला. 8 पर्यंत गेला. बाहेर काढला तर टोकाला पू. गर्दी होती म्हणू नकोस. खुर्चीत एका वेळी एकच माणूस बसतो.

त्या सिगारेटवाल्या गृहस्थांना 'रक्त येत नाही, सौम्य' लिहिलंस. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमीच येतं, आजार झाकला जातो, हे तुला ठाऊक नाही? ठाऊक आहे! दिवसाला 10 सिगारेटी म्हणजे ग्रेड सी, झपाट्याने वाढणारा आजार. मधुमेह्याची एचबीएवनसी 7 टक्के किंवा वर, तरी ग्रेड सी. हिरडीच्या आजारांचं 2017 चं वर्गीकरण घडाघडा म्हणून दाखवतोस, आणि पेशंटला 'दिवसाला किती?' एवढं विचारायला जीभ उचलत नाही. शुगरचा रिपोर्ट तर एकाकडेही मागितला नाहीस.

सगळ्यात जास्त राग त्या 26 वर्षांच्या मुलाच्या कागदाचा आला. दात स्वच्छ, कीट जवळजवळ नाही, तरी पहिल्या दाढा आणि पुढचे दात हलताहेत. एक्सरेत 40 टक्के हाड गेलेलं. आणि तू सल्ला दिलास, 'नीट ब्रश करा'! त्याच्या ब्रशात काय खोट दिसली तुला? टक्केवारीला वयाने भागायचं असतं. 40 भागिले 26, दीडच्या वर, म्हणजे हाही ग्रेड सी. सत्तरीतल्या आजोबांचं एवढंच हाड गेलं असतं तर उत्तर एकाच्या आत आलं असतं. एवढा भागाकार चौथीतलं पोर करतं. घरात आणखी कुणाचे दात लवकर पडले, हे विचारलंस?

तुझा हात या बॅचमध्ये सगळ्यांत हलका आहे. पेशंट तुझ्याकडे घाबरत नाहीत. हे नसतं तर मी एवढं बोललोही नसतो. येत नाही त्याला शिकवता येतं. येत असून न करणाऱ्याचं काय करू?

आणि ते 'पंधरा दिवसांनी' खोड. खोल सफाईनंतर हिरडी भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी प्रोब घालून काय बघणार होतास?

कागदांवर फोन नंबर आहेत. आज स्वतः फोन कर, नर्सला सांगू नकोस. आधी त्या मुलाला बोलाव, भावंडांना सोबत आण म्हण. सहाही आकडे भरल्याशिवाय एकही चार्ट माझ्याकडे सहीला आणायचा नाही.