बुऱ्हाणपूरचे मोहल्ले: शीव, हद्द आणि साक्ष

मोहल्ला कुठे संपतो, हा प्रश्न वरवर पाहता महापालिकेचा आहे. भारतीय परंपरांनी मात्र तो धर्माचा मानला. शिवेवर देव बसवला, शिवेबद्दल खोटी साक्ष देणे पाप ठरवले आणि शीव ओलांडण्याचा दसऱ्याला विधी केला. तापीच्या उत्तर काठावरचे बुऱ्हाणपूर या प्रश्नाच्या विचाराला फार सोयीचे शहर आहे. शहराचे नाव एका सूफी संताचे आहे, आणि मोहल्ल्यांची नावे एकाच तत्त्वावर पडलेली नाहीत.

शनवारा, इतवारा आणि बुधवारा ही नावे वारांची आहेत. पुण्याच्या पेठांमुळे मराठी माणसाला त्यांचे नवल वाटत नाही, पण जागेला वाराचे नाव देणे म्हणजे काळाने जागेची ओळख सांगणे. बाजाराची हद्द त्या दिवशी माणसे बसतील तिथपर्यंत, त्यामुळे अशा वस्तीचा मध्य सांगता येतो, कड सांगता येत नाही. सिंधीपुऱ्याचे नाव सोळाव्या शतकात सिंधमधून आलेल्या सूफींशी जोडले जाते. त्यांच्यातले शेख ईसा जुन्दुल्लाह अकबर आणि जहांगीरच्या काळात इथे नावाजले. हरीरपुऱ्यातला ‘हरीर’ म्हणजे रेशीम. लोहारमंडीचा अर्थ सांगायला नकोच. वार, मूळ गाव आणि धंदा यांपैकी एकही गोष्ट रेघ ओढून दाखवता येण्यासारखी नाही.

रेघ ओढली ती तटाने. १६०१मध्ये जवळचा असीरगड किल्ला पडला, खानदेशचे फारुकी राज्य बुडाले आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे झाले. शहराभोवतीचा विटांचा तट मात्र निजामुल्मुल्काने १७३१मध्ये बांधला. म्हणजे वस्ती आधीची आणि तट नंतरचा. शनवारा दरवाजा, इतवारा दरवाजा, शिकारपुरा दरवाजा अशी वेशींची नावे वस्त्यांवरून पडलेली आहेत. वेदान्ती या ठिकाणी घटाकाशाचा दृष्टान्त देईल: घड्यातले आकाश वेगळे वाटते, घडा फुटला की ते वेगळेपण जाते. बुऱ्हाणपुरात हा दृष्टान्त लंगडतो. तट ठिकठिकाणी ढासळला, तरी दरवाज्यांची नावे पत्ता सांगताना तशीच वापरली जातात. घडा फुटूनही घटाकाश व्यवहारात उरले आहे. उपाधी, म्हणजे वेगळेपणाचा भास घडवणारी मर्यादा, विटांची नसून सांगण्या-ऐकण्याची आहे, असे मानले तरच हे उलगडते.

सूफी परंपरेने हा प्रश्न निराळ्या वाटेने हाताळला. संताची ‘विलायत’ म्हणजे त्याच्या आध्यात्मिक अधिकाराचा प्रदेश. निजामुद्दीन औलियांची संभाषणे अमीर हसन सिज्झी यांनी ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये नोंदवली आहेत. त्यात अजोधनहून मुलतानला निघालेल्या एका गवयाची गोष्ट आहे. वाट धोक्याची, म्हणून त्याने अजोधनच्या बाबा फरीदांकडे दुआ मागितली. अमुक गावच्या तळ्यापर्यंतची जबाबदारी आपली, तिथून पुढची मुलतानच्या बहाउद्दीन झकरियांची, असे फरीदांनी सांगितले. हद्द ठरली ती तळ्यावर, आणि तिचा अर्थ मालकी नसून वाटसरूची राखण असा होता.

बुऱ्हाणपूरचे नाव याच परंपरेतून आले. बुऱ्हानुद्दीन गरीब हे निजामुद्दीनांचे शिष्य. ते १३३७मध्ये वारले आणि खुलदाबादला त्यांची कबर आहे. अमीर हसनही तिथेच विसावले आहेत. नासिरखान फारुकीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर काठावरच्या शहराला बुऱ्हानुद्दीनांचे नाव दिले, आणि दक्षिण काठावरची वस्ती त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांच्या नावाने जैनाबाद झाली. (या नावाचा जैन धर्माशी संबंध नाही, उच्चाराने मात्र तसा भास होतो.) असीरगड जिंकल्यावर झैनुद्दीन स्वतः नासिरखानाच्या भेटीला आले आणि त्यांच्या सांगण्यावरून ही दोन गावे वसली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्यांचा मृत्यू १३६९चा असल्याने ही भेट कालगणनेत बसत नाही. तिच्या मागची कल्पना मात्र महत्त्वाची आहे: एका काठाला गुरूचे नाव, दुसऱ्याला शिष्याचे आणि मधून तापी. नदी दोन गावे वेगळी करते, पण नावे त्यांना एकाच परंपरेत ओवतात.

शीव कुणाच्या सांगण्याने खरी ठरते, यावर धर्मशास्त्राने बारकाईने लिहिले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर असे वृक्ष लावावेत, तळी, विहिरी आणि देवळे सांध्यावर बांधावीत असे सांगितले आहे. शिवेबाबत माणसे नेहमी चुकतात, म्हणून दगड, हाडे, तूस, राख, खापऱ्या, विटा, कोळसे अशा खुणा जमिनीत पुरून ठेवण्याचीही सूचना आहे. वाद उठला तर गावकऱ्यांची साक्ष घ्यावी. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रे आणि तांबड्या माळा घालून शपथेवर शीव सांगावी. गावकरी न मिळाल्यास रानातल्या माणसांना विचारावे: शिकारी, पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, साप पकडणारे. एरवी उतरंडीच्या बाबतीत कठोर असलेला हा ग्रंथ इथे मात्र रोज पायी फिरणाऱ्याचा शब्द प्रमाण मानतो. शहरात या साक्षीदारांची जागा पोस्टमन, दूधवाला आणि रिक्षावाला यांनी घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

बौद्ध विनयात भिक्षुसंघाची सीमा ठरवताना डोंगर, पाषाण, वन, वृक्ष, वाट, वारूळ, नदी आणि पाणी या आठ प्रकारच्या खुणांचा आधार घेतात, आणि एक सीमा दुसरीवर चढू देत नाहीत. जैन श्रावकाचे दिग्व्रतही असेच आहे. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त दहा दिशांची मर्यादा समुद्र, नदी, अरण्य, पर्वत अशा सर्वांना ठाऊक असलेल्या ठिकाणांनी बांधून घ्यायला सांगितले आहे. ठिकाण प्रसिद्ध हवे, ही अट मोलाची आहे. एकट्याला माहीत असलेली खूण मर्यादा होऊ शकत नाही. मोहल्ल्याची शीवही अशाच प्रसिद्ध खुणांवर उभी असते, फक्त विनयाचा दुसरा नियम तिला लागू पडत नाही. दोन मोहल्ले एकमेकांवर चढतात, आणि कडेच्या घराला विचारणारा कोण यावरून दोन पत्ते असू शकतात. हा दोष मानण्याचे कारण नाही. संघाच्या सीमेत विनयकर्माची वैधता पणाला लागते, मोहल्ल्यात फक्त माणूस सापडायचा असतो.

शहराच्या मध्यावर जामा मशीद आहे. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकीने ती बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, विक्रम संवत् १६४६चा. त्यात फारुकी वंशावळ आहे, तिथी-नक्षत्रासह काळ आहे, आणि आरंभी सृष्टिकर्त्याला नमन करून ईश्वर अव्यक्त, व्यापक, गुणातीत असल्याचे म्हटले आहे. ज्याला कड नाही त्याचे वर्णन शहराचा मध्य असलेल्या भिंतीवर कोरले आहे. मोहल्ले या मध्यापासून मोजायचे की तटापासून, याचे उत्तर शिलालेख देत नाही.

शहरातल्या नागझिरी भागातल्या कबीर निर्णय मंदिराच्या परंपरेने याहून कडक भूमिका घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूरण साहेबांनी कबीरांच्या ‘बीजक’वर ‘त्रिज्या’ ही टीका लिहिली आणि ‘पारख’ हा विचार मांडला: शब्द आणि कल्पना पारखल्याशिवाय स्वीकारू नयेत. या कसोटीवर मोहल्ला, जात, दिशा ही सारी माणसाने ठेवलेली नावे ठरतात, आणि खरा उरतो तो पारखणारा जीव. पण मंदिराचा पत्ता सांगताना नागझिरी हेच नाव घ्यावे लागते.

बाहेरून येणाऱ्याची शीव वेगळीच असते. जगभरच्या दाऊदी बोहरा यात्रेकरूंसाठी बुऱ्हाणपूर म्हणजे मुख्यतः १७३०मध्ये वारलेल्या सैयदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांचा दर्गाह-ए-हकीमी, आणि तो जुन्या तटाबाहेर लोधीपुऱ्यात आहे. शहराच्या लेखी तो काठावर आहे, यात्रेकरूच्या लेखी शहर त्याच्या काठावर.