आई जिवंत असताना

इटियाडोह धरण पाहायला येणारे बरेच जण गोठणगावजवळचा तिबेटी कॅम्पही बघून जातात. ही नॉर्ग्येलिंग वसाहत 1972 सालची. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया 1999 मध्ये वेगळा झाला. थंडीत नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकायला बसणारी माणसं अशाच वसाहतींतली.

या समाजाच्या निर्वासितपणातलं एक प्रकरण आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. 1959 नंतर आलेले तिबेटी आईबाप हिमालयात रस्ते फोडायच्या कामावर राबत होते आणि पोरं तंबूंत आजारी पडून दगावत होती. मे 1960 मध्ये अशी 51 मुलं धरमशालेला आणली गेली. दलाई लामांच्या थोरल्या बहिणीने, त्सेरिंग डोल्मांनी, त्यांना सांभाळलं. पुढे 1961 ते 1964 या काळात दीडशेहून अधिक तिबेटी मुलं स्वित्झर्लंडमधल्या घरांत धाडली गेली. शिकून परततील, समाजाच्या कामी येतील, असा हिशेब होता. त्यांतल्या अनेकांचे आईवडील जिवंत होते, आणि बहुतेक मुलं तिकडचीच झाली. हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. पण त्या आईला रस्त्याच्या कामावरून उठवून चार महिन्यांचं धान्य कुणी दिलं असतं तर?

दक्षिण कोरियाने हा प्रश्न सत्तर वर्षं टाळला. तिथलं युद्ध 1953 मध्ये थांबलं. मुलं दत्तक म्हणून परदेशी जाण्याचा कळस मात्र 1985 मध्ये झाला. त्या एका वर्षात 8,800 हून अधिक मुलं गेली. ऑलिंपिक तोंडावर आलेल्या देशात ही युद्धातली अनाथ मुलं कशी असतील? अविवाहित आया आणि गरीब घरं सांभाळण्यापेक्षा मूल विमानात बसवणं सरकारला स्वस्त पडत होतं. मार्च 2025 मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने सांगून टाकलं की, आईबाप ठाऊक असलेली मुलंही कागदोपत्री अनाथ केली गेली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी माफी मागितली.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. लक्ष्मीकांत पांडे या वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाला 1984 मध्ये परदेशी दत्तकासाठी नियम घालून द्यावे लागले. तरीही पुढे पुण्याच्या प्रीतमंदिर या दत्तक संस्थेवर गैरप्रकारांचे आरोप झाले आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. झुरिक आणि थुरगाउ या स्विस प्रांतांनी भारतातून आलेल्या दत्तक मुलांच्या जुन्या फायली अलीकडे तपासून घेतल्या, तेव्हा त्यांत जन्मदात्या आईच्या संमतीचा कागद सापडला नाही. आज कायदा आईला फेरविचारासाठी 60 दिवस देतो. पण हातात पैसा नसेल, तर 60 दिवसांत ती कसला फेरविचार करणार?

दत्तकाला माझा विरोध नाही. उकिरड्यावर टाकलेल्या पोराला घर हवंच, ते कोणत्याही देशातलं असो. पण गरिबीपायी सुटणारं मूल आधी आईकडेच राहावं यासाठी खर्च व्हायला हवा. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. बाप मेलेल्या घरातल्या मुलासाठीही ती मिळते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स, शिवाय घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो, एवढं जमवून गोठणगावातलं प्रकरण गोंदियाला बालकल्याण समितीपुढे जातं. धानकापणीत त्या खेपेपायी मजुरी बुडते, आणि अर्ज तसाच राहतो.

योजनेची रक्कम महिन्याला 2,250 रुपये आहे. दिवाळीत गावी गेलात, तर शेजारच्या अशा एका घराचा अर्ज भरून द्या.